हिरवा नकाशा, अडलेली वाट

उपग्रहाच्या डोळ्यांनी पाहिले, तर जालना जिल्ह्यातील शहागड हिरवाईच्या कुशीत वसलेले दिसेल. एका अंगाला गोदामाई, भोवती ऊस-कापसाची शेते. लाल आणि अवरक्त प्रकाशाच्या परावर्तनातील फरकावरून वनस्पती-निर्देशांक काढतात. त्यासाठी लागणारी युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटर तपशिलाची चित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात. या निर्देशांकाला उसाचा फड आणि उद्यान यांतील भेद मात्र कळत नाही. वेडी बाभूळही त्याच्या लेखी हिरवीच. फडात आजोबांना टेकता येत नाही, नातवाला खेळता येत नाही.

तेव्हा हिरवाई किती, यापेक्षा ती कोणाच्या पावलांना गाठता येते, हा खरा प्रश्न आहे. सेसिल कोनाइनेन्डाइक या नागरी वनतज्ज्ञाने २०२१ मध्ये एक सूत्र मांडले : घरातून ३ झाडे दिसावीत, वस्तीवर ३० टक्के वृक्षछत्र असावे आणि ३०० मीटरच्या आत उद्यान असावे. नकाशावर ३०० मीटरचे वर्तुळ ओढणे सोपे. माणूस मात्र वर्तुळातून नव्हे, रस्त्याने चालतो. धुळे-सोलापूर महामार्गासारख्या रस्त्यापलीकडचे मैदान नकाशात हाकेच्या अंतरावर दिसते. शाळकरी पोराला मात्र वाहनांचा लोंढा चुकवीत सुरक्षित वाटेपर्यंत वळसा घालावा लागतो. म्हणूनच जाणकार सरळ रेषेऐवजी रस्त्यांच्या जाळ्यावरून अंतर मोजतात.

साधनांची आपल्याकडे वाण नाही. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून आहे. १९७५ च्या वृक्ष कायद्यान्वये नागरी क्षेत्रांत दर ५ वर्षांनी वृक्षगणना अपेक्षित आहे. पुण्याने तर झाडांची स्थाने संगणकीय नकाशावर नोंदविली. उणीव आहे ती इच्छाशक्तीची. १९६६ च्या नगररचना कायद्याचे कलम १२७ पाहा. उद्यानासाठी राखलेली जमीन १० वर्षांत संपादित झाली नाही, तर मालकाच्या नोटिशीनंतर ठरावीक मुदतीत आरक्षण व्यपगत होते. कागदावरची कित्येक उद्याने अशीच विरून जातात, आणि त्यांचा शोक करायलाही कोणी नसते!

शहागडसारख्या महामार्गालगतच्या बाजारगावांना अजून वेळ आहे. उद्या ही गावे शहरे होतील, तेव्हा त्यांची उद्याने आजच्या गायरानांतूनच निघावी लागतील. सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच राज्यांना दिले आहेत. २०२० मध्ये आरंभलेल्या स्वामित्व योजनेने गावठाणांचे ड्रोन-नकाशेही हाती येऊ लागले. त्यांवर घरांच्या सीमांसोबत गायरान, नदीघाट, पिंपळाचा पार आणि तेथवरच्या वाटाही ग्रामसभेने नोंदवून घ्याव्यात. कार्यकर्त्यांनी एखाद्या रविवारी मोबाइल घेऊन गावातल्या आजीबाईंसोबत त्या वाटेने चालून पाहावे आणि लागलेली मिनिटे टिपून ठेवावीत. एकदा सायंकाळी, एकदा वैशाखातल्या उन्हात.