जिंकलेली पैज, चुकलेला अंदाज

फुकटची मिसळ नेहमीच जास्त चविष्ट लागते. ८ ऑगस्ट २०२२, सोमवारची सकाळ. डोळे तारवटलेले, झोप जेमतेम चार तास, पण कॉलर एकदम ताठ. तीन मित्रांच्या पैशाने मी मिसळ हाणत होतो. आदल्या रात्री स्कॉटलंडमध्ये मुइरफिल्डला अ‍ॅशली बुहाय महिलांची ब्रिटिश ओपन जिंकली होती आणि ती जिंकणार हे मी शनिवारी रात्रीच लिहून दिलं होतं. नुसतं लिहून नाही, 'पंच्याण्णव टक्के' असं ठणकावून.

त्या मिसळीला आता बरीच वर्षं झाली. आणि हळूहळू मला पटत गेलंय की पैज मी जिंकलो खरा, पण अंदाज माझा साफ चुकला होता. कसं, ते सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. आम्ही चौघं पुण्यातले चार सॉफ्टवेअरवाले. गोल्फची काठी चौघांपैकी कोणीही हातात धरलेली नाही. मग हे वेड कुठून आलं? तर अर्थात अदिती अशोक! ७ ऑगस्ट २०२१ चा शनिवार आठवा. टोकियो ऑलिंपिक, महिला गोल्फची शेवटची फेरी. तीन फेऱ्यांनंतर अदिती दुसरी. जागतिक क्रमवारीत ती तेव्हा दोनशेवी, बॅग उचलायला आई, आणि इकडे अख्खा देश पहाटे उठून 'बर्डी म्हणजे काय' ते शोधतोय. टोकियोला वादळ येणार अशी भीती होती. चौथी फेरी झालीच नाही तर तीन फेऱ्यांवर निकाल लागेल अशी चर्चा होती, म्हणजे थेट रौप्य! खेळ सुरू व्हावा म्हणून नाही तर रद्द व्हावा म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा पावसाची प्रार्थना केली. पाऊस आलाही, खेळ थोडा वेळ थांबलाही. पण फेरी पूर्ण झाली आणि अदिती चौथी आली.

त्याच संध्याकाळी नीरज चोप्राने सुवर्ण जिंकलं आणि बहुतेकांनी गोल्फचा विषय तिथेच सोडला. आम्ही चौघं मात्र अडकलो. महिला गोल्फमध्ये वर्षाला पाच मेजर असतात, प्रत्येक मेजर चार दिवसांची, रोज अठरा होल. आम्ही ठरवलं की तिसरी फेरी संपली की प्रत्येकाने विजेतीचं एक नाव लिहायचं आणि पुढे आपली खात्री टक्क्यांत लिहायची. दोघांनी एकच नाव लिहिलं तर ज्याचे टक्के जास्त तो जिंकला. हरणाऱ्यांनी मिसळ द्यायची.

या नियमात एक भलामोठा बग आहे. तुमच्या लक्षात आला असेल तर तुम्ही आमच्यापेक्षा हुशार आहात. आम्हाला तो कळायला वर्ष लागलं.

तर मुइरफिल्ड. हा तोच क्लब, ज्याने स्त्रियांना सभासद करून घ्यायचं २०१७ साली कुठे मान्य केलं. २०२२ मध्ये तिथे पहिल्यांदाच महिलांची ओपन होत होती. तीन फेऱ्यांनंतर दक्षिण आफ्रिकेची बुहाय पाच फटक्यांनी पुढे. तिच्या मागे कोरियाची इन जी चुन आणि जपानची हिनाको शिबुनो. बुहायचे तीन दिवसांचे आकडे होते ७०, ६५, ६४. म्हणजे रोज सुधारणाच! मी डोळे मिटून ९५ लिहिले. दुसऱ्याने बुहायलाच ८०. तिसऱ्याने चुनचं नाव लिहिलं, कारण जूनमध्येच तिने आधीची एक मेजर जिंकली होती. चौथी आमची टेस्टिंगमधली मैत्रीण. तिचा धंद्यामुळे कशावरच विश्वास नसतो. तिने लिहिलं, "बुहाय, ७०."

"पाच फटके पुढे आहे गं ती, अजून काय हवंय तुला?" मी म्हटलं.

"अजून अठरा होल हवेत," ती म्हणाली.

रविवारी रात्री चौदा होल सगळं ठीक होतं. पंधराव्या होलवर चार फटक्यांच्या कामाला बुहायला सात लागले आणि आघाडी एका होलमध्ये संपली. माझ्या फोनवर धडाधड मेसेज. "गेली." "चोकर." "प्रेशर झेपत नाही." शेवटचा तर मीच लिहिला होता, खोटं कशाला बोलू! दिवसअखेर तिचे फटके झाले ७५, आणि बुहाय-चुन बरोबरीत. मग प्ले-ऑफ, अठरावा होल पुन्हा पुन्हा. एकदा, दोनदा, तीनदा. आपल्याकडे मध्यरात्र कधीच उलटून गेलेली, तिकडेही अंधारायला लागलेलं. चौथ्या वेळी बुहायचा चेंडू ग्रीनशेजारच्या बंकरमध्ये गेला. त्या वाळूतून तिने तो असा काही उचलला की होलच्या अगदी जवळ जाऊन थांबला. जिंकली!

आणि मेसेज बदलले. "वाघीण." "काय जिगर!" "म्हटलं होतं ना मी." हा शेवटचाही माझाच.

आता शांत डोक्याने बघा. तिचे ७५ फटके प्ले-ऑफच्या आधीच लिहून झाले होते. ते ना वाढले ना कमी झाले. तरी पंचाहत्तर फटके खेळणारी तीच बाई आमच्या लेखी रात्री एकदा घाबरट ठरली आणि थोड्या वेळाने वाघीण. मधे काय बदललं? वाळूतला एक फटका. तो हातभर लांब थांबला असता तर मी आजही तिला 'चोकर' म्हणत असतो.

आणि माझ्या ९५ टक्क्यांचं काय? पाच फटक्यांची आघाडी पूर्ण संपली, निकाल अंधारातल्या चौथ्या जादा होलवर लागला, याला कोणी ९५ टक्के खात्रीची गोष्ट म्हणेल? कोणी शुक्रवारी संध्याकाळी टेस्ट न करता कोड प्रॉडक्शनवर टाकला आणि सुदैवाने काही कोसळलं नाही, तर 'बघा, निर्णय बरोबर होता' म्हणणाऱ्या मॅनेजरबद्दल आपण कँटीनमध्ये काय बोलतो? मी तोच मॅनेजर होतो. वर मिसळही खाल्ली!

चूक कुठे होते ते सांगतो. ७०, ६५, ६४ बघून मला पुढचा आकडा दिसला ६३ किंवा ६६. आला ७५. त्याच आठवड्यात, त्याच मैदानावर, तिच्याच हातून ६४ आणि ७५. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंचंही असंच असतं. वारा, उसळी, झोप, मनातले विचार, एका फेरीत हजार गोष्टी. शिवाय पुढे असलेलीला फक्त दुसऱ्या नंबरवालीला हरवायचं नसतं, मागच्या सगळ्यांना हरवायचं असतं. समजा आघाडीवरच्या मुलीची शक्यता ४० टक्के आहे आणि मागच्या दहाजणींची प्रत्येकी ६. नाव लिहायचं तर आघाडीवालीचंच लिहिलं पाहिजे, तेच बरोबर. पण ती हरण्याची शक्यता मात्र ६० टक्के! 'सगळ्यांत जास्त शक्यता' आणि 'बहुतेक जिंकणारच' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण पहिली मोजतो आणि दुसरी बोलतो.

काही गोष्टी तर मोजताच येत नाहीत. २०१७ ची एएनए इन्स्पिरेशन घ्या. लेक्सी थॉम्प्सन रविवारी आघाडीवर. बारावा होल संपवून तेराव्याकडे चालताना तिला सांगितलं गेलं की तुला चार फटक्यांचा दंड. का? तर शनिवारी सतराव्या ग्रीनवर तिने चेंडू उचलून परत ठेवताना किंचित दुसऱ्या जागी ठेवला, हे टीव्हीवर बघणाऱ्या कुणीतरी ई-मेल करून कळवलं होतं. दोन फटके चुकीच्या जागेबद्दल, दोन त्यामुळे चुकीच्या ठरलेल्या स्कोअरकार्डवर सही केल्याबद्दल. डोळे पुसत खेळून तिने प्ले-ऑफ गाठला आणि तिथे सो यॉन र्यूकडून हरली. पुढे २०१८ पासून प्रेक्षकांच्या अशा तक्रारी घेणं बंद झालं. पण मला सांगा, त्या शनिवारी कुठल्या चाहत्याच्या हिशेबात 'ई-मेल' नावाचा व्हेरिएबल होता?

२०२१ च्या यूएस ओपनमध्ये हीच लेक्सी शेवटच्या दिवशी एका टप्प्यावर पाच फटक्यांनी पुढे होती. शेवटच्या नऊ होलना ४१ फटके लागले आणि एका फटक्याने प्ले-ऑफही हुकला. तेव्हापासून तिच्या नावामागे तो शब्द चिकटला तो चिकटलाच. आणि एरिया जुटानुगर्न? २०१८ च्या यूएस ओपनला नऊ होल बाकी असताना सात फटक्यांनी पुढे होती. सातही घालवले, प्ले-ऑफला गेली, तिथे चौथ्या होलवर जिंकली. तिच्या नावापुढे 'विजेती' लिहिलं गेलं. म्हणजे लेक्सीपेक्षा मोठी आघाडी घालवणारी विजेती आणि लेक्सी चोकर. हा कुठला न्याय?

कोरियाच्या आय. के. किमची गोष्ट तर मला नीट बघवतही नाही. २०१२ ची क्राफ्ट नबिस्को, शेवटचा होल, जिंकायला फुटभर अंतराचा पट. चेंडू कडेला लागून बाहेर आला, आणि प्ले-ऑफमध्येही ती हरली. पाच वर्षांनी, २०१७ मध्ये, किंग्जबार्न्सला ती ब्रिटिश ओपनच्या शेवटच्या दिवशी सहा फटक्यांची आघाडी घेऊन उतरली. चाहत्यांचा अंदाज काय असेल? "तो पट आठवेल तिला." पाच वर्षांतले हजारो पट विसरून आपल्याला एकच आठवतो, कारण गोष्ट म्हणून तोच चांगला आहे. ती ७१ खेळली आणि दोन फटक्यांनी जिंकली.

याचा अर्थ अंदाज करूच नये का? छे! उलट मी म्हणतो, जरूर करा. शनिवारी नाव लिहिलं की रविवारी सगळे अठरा होल बघावेच लागतात. कोण चढावर खेळते, कोण वाऱ्यात चेंडू खाली ठेवते, हे आम्ही पैजेपायीच शिकलो. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या खात्रीची किंमत आपणच मोजायची, तिच्या माथी मारायची नाही. मी ९५ म्हटलं आणि ती हरली, तर चुकलो मी. ती फक्त एक दिवस गोल्फ खेळली.

आम्ही आता नियम बदललाय. बग हाच होता की आमच्या खेळात छाती जास्त फुगवणाऱ्याला बक्षीस मिळायचं. (ऑफिसातही मिळतं, पण तो वेगळा लेख होईल.) आता शंभरातून जितकं चुकलं त्याचा वर्ग, तेवढा दंड. ९५ लिहिले आणि ती जिंकली तर ५ चा वर्ग, दंड २५. हरली तर ९५ चा वर्ग, ९०२५! ७० लिहिणाऱ्याला ती जिंकल्यास ९००, हरल्यास ४९००. समजा अशा पाच स्पर्धांत चारदा आघाडीवाली जिंकली आणि एकदा हरली. ९५ वाल्याचा एकूण दंड ९१२५, ७० वालीचा ८५००. पाचांत चार वेळा 'म्हटलं होतं ना' म्हणूनही मीच मागे! नव्या हिशेबात आमच्या टेस्टिंगवालीने आम्हाला मिसळीला पार कंगाल केलंय.

आणि जाता जाता पुन्हा अदिती. त्या शनिवारी आम्ही सगळे म्हणालो, "पदक घालवलं हो." परवा मी ते आकडे पुन्हा काढून बघितले. तिसऱ्या फेरीत ती ६८ खेळली होती. शेवटच्या फेरीतही ६८, म्हणजे पारपेक्षा तीन कमी. मागून आलेल्या मोने इनामी आणि लिडिया को, दोघीही त्या दिवशी ६५ खेळल्या. बस्स, इतकंच झालं. दोनशेव्या क्रमांकाची मुलगी ऑलिंपिकच्या शेवटच्या दिवशी जराही न डगमगता खेळली आणि आपण तिला 'घालवलं' म्हणालो. पदक तिच्या हातात आलंच नव्हतं. ते आपण पहाटे चहा पिता पिता आपल्या मनानेच तिला देऊन टाकलं होतं.

असो. पुढच्या मेजरचा शनिवार आला की तुम्हीही एक नाव लिहून ठेवा. आणि पुढे टक्के लिहिताना अजून अठरा होल बाकी आहेत, एवढं फक्त लक्षात ठेवा.