मोबाइलवरचा लिलाव : आकड्यामागे गिऱ्हाईक खरे आहे ना?

मिरची, चिकू, भाजीपाला बाजारात न्यायला घरची गाडी असावी, असे कोणाला वाटत नाही? नवी पिकअप परवडत नाही. मग हप्ते थकले म्हणून बँकेने ओढून नेलेली गाडी मोबाइलवरच्या लिलावात स्वस्त दिसते. उधवा भागात फिरताना याबद्दल विचारणा होते, म्हणून हे लिहितो.

लिलाव आपल्याला नवा नाही. पूर्वी बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरे आणि माल ज्याचा त्यालाच काही कळत नसे. उघड लिलावात निदान बोली बोलणारा समोर दिसतो. मोबाइलवर दिसतो तो फक्त आकडा. त्यामागे खरे गिऱ्हाईक आहे, की भाव चढवायला मालकानेच बसवलेला माणूस, हे कळत नाही. खरी मेख इथेच आहे.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९३० च्या माल विक्री कायद्याचे कलम ६४ सांगते, की बोली लावण्याचा हक्क आधी जाहीरपणे राखून ठेवला नसेल, तर विकणाऱ्याला स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावता येत नाही. खोट्या बोलीने भाव चढवला असेल, तर सौदा रद्द करण्याचा अधिकार घेणाऱ्याला आहे. पण ते सिद्ध करता करता चपला झिजतात. त्यापेक्षा आधीच सावध असावे.

१) गाडी न पाहता बोली लावू नका. 'जशी आहे, जेथे आहे' या अटीवर ती विकली जाते, मागाहून तक्रार चालत नाही. मेकॅनिक सोबत न्या, चासी नंबर कागदाशी ताडून पाहा.

२) गुजरात किंवा दादरा-नगर हवेलीची गाडी असेल, तर तिथला ना-हरकत दाखला आणि इथला कर यांचा खर्च आधीच धरा. बँकेचा बोजा उतरल्याचा कागद मागा.

३) अनामत कोणाच्या खासगी खात्यावर भरू नका. लिलावाची खात्री बँकेच्या शाखेत जाऊन करा. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा.

४) आपला आकडा आदल्या दिवशीच कागदावर लिहा. समजा, चालू स्थितीतली तशी गाडी बाजारात अडीच लाखांना मिळते. दुरुस्तीला ४० हजार, कागदपत्रे व वाहतुकीला २० हजार लागणार. म्हणजे आपली बोली १ लाख ९० हजारांवर थांबली पाहिजे. बहुतेक ई-लिलावांत शेवटच्या मिनिटाला बोली आली की वेळ वाढते आणि माणूस ईर्षेला पेटतो. आकडा लिहिलेला असला, की समोरची बोली खोटी असली तरी ती तुम्हाला खड्ड्यात नेत नाही.

शेवटी आपल्याकडचेही पाहू. मित्राची गाडी विकायची म्हणून खोटी बोली लावणे, किंवा ग्रामपंचायतीच्या भंगाराच्या लिलावात चौघांनी आधीच ठरवून भाव पाडणे, हीदेखील फसवणूकच. त्यात नुकसान गावाचे होते. ग्रामपंचायतीने लिलावाची नोटीस वेळेत लावावी आणि प्रत्येक बोली नावानिशी लिहून ठेवावी. लिलाव सचोटीचा झाला, तर हरलेला माणूसही पुढच्या वेळी पुन्हा येतो.