वाड्याचे आकडे कुठे गेले?

स्पष्टच लिहितो, राग यायचा त्याला येऊ दे.

आमच्या पेठेतल्या जुन्या वाड्याची दुरुस्ती 'पूर्ण' झाली म्हणून परवा दिवाणखाना बघायला गेलो. वर बघतो तर कडीपाटाला काळ्या पत्र्याचे, रंगीत काचांचे कंदील. हायवेवरच्या हॉटेलात असतात ना, तसले! आत पांढरेफटक एलईडी. विचारलं तर म्हणे, "सर, हेरिटेज लुक आहे."

अहो, पण कुठलं हेरिटेज? त्या कडीपाटाला सात लोखंडी आकडे होते. मी लहानपणापासून बघत आलोय. मधला जाडजूड, दोन्ही बाजूंना तीन-तीन बारीक. म्हणजे मधे झुंबर आणि कडेला काचेच्या हंड्या असणार. प्रत्येक आकड्याच्या वर फळीला काजळीचा गोल डाग होता. हंडीतल्या पेल्यात खाली पाणी, वर तेल, त्यात वात. तिचीच ती काजळी. हंड्या कधीच गेल्या, कुणी विकल्या, काही फुटल्या. पण कुठे काय टांगलं होतं, याचा पुरावा लाकडावर शिल्लक होता. ठेकेदाराने आकडे ग्राइंडरने कापले आणि डागांवरून पॉलिश मारलं. झालं, पुरावा संपला.

"मग काय तेल पेटवायचं का?" असं एकाने मलाच सुनावलं. नाही हो. सागवानाखाली कोण ज्योत लावा म्हणतंय? वीजच वापरा, पण जरा हिशेबाने. एका मेणबत्तीचा उजेड साधारण बारा लुमेन. नऊ वॅटचा एक एलईडी आठशेच्या आसपास. तुम्ही एकेका कंदिलात साठ-सत्तर मेणबत्त्या लावल्यात, त्याही निळसर! खांबांवरची नक्षी सपाट दिसते आणि पॉलिश तेवढं चमकतं.

आणि "जुन्या वस्तू मिळत नाहीत" हे तर सांगूच नका. केळकर संग्रहालयात जुने दिवे मांडून ठेवलेत, जाऊन मापं घ्यायची परवानगी मागा. पितळी साखळ्या आणि कडी करायला तांबट आळीत विचारा, काच फिरोजाबादला फुंकून मिळते. नव्या हंडीवर बारीक अक्षरात साल कोरा, म्हणजे उद्या कुणी तिला पेशवाई समजायला नको. आणि जिथे काय होतं तेच कळत नाही, तिथला आकडा रिकामा सोडा. १९६४ च्या व्हेनिस सनदेतही हेच आहे, अंदाज सुरू झाला की जीर्णोद्धार थांबवायचा. कॅटलॉग उघडायचा असं त्यात नाही.

सोमवारी अकरा वाजता मी संबंधित कार्यालयात अर्ज देणार आहे. कापलेले आकडे कुठे आहेत आणि काम सुरू व्हायच्या आधी छताचे फोटो काढले होते का, एवढंच विचारायचंय. कोण येतंय बरोबर?

आणि एक. त्या दिवाणखान्यात पेठेतली कितीतरी लग्नं-मुंजी लागल्यात. घरातले जुने अल्बम काढा. नवरा-नवरी राहू द्या, त्यांच्या डोक्यावर काय टांगलंय ते बघा, आणि फोटो मला पाठवा.