तेल मारुतीला, तारीख कागदाला
परवा उंब्रजहून साताऱ्याला येताना एसटीत मागच्या सीटवर जुंपली: शिवराय आणि समर्थ पहिल्यांदा भेटले कधी? काका म्हणे 1649, शिंगणवाडीला. शेजारचा कॉलेजकुमार 1672 च्या अलीकडे यायला तयार नाही. पोराकडे केशव गोसाव्यांनी समर्थशिष्य दिवाकर गोसाव्यांना त्या साली धाडलेलं, राजांची ही पहिलीच भेट असं सांगणारं पत्र; काकांकडे शंभरहून अधिक वर्षांनी लिहिलेली हनुमंतस्वामींची समर्थांवरची बखर आणि चढा आवाज. मी अंधश्रद्धेविरुद्ध लढलेल्या दाभोलकरांच्या गावचा, देव न मानणारा. तारखेपुरतं माझं मत पोराच्या पारड्यात. पण त्यानं ओघात समर्थांनी स्थापलेले अकरा मारुतीही निकालात काढले, तिथं तो घसरला. मसूरला किंवा कृष्णेच्या बेटावर बहे-बोरगावला शनिवारी तेल घालणारी म्हातारी सनावळी विचारत नाही. तिच्या नमस्काराला पुरावा मागणं हा निव्वळ आगाऊपणा. काकांची गोष्ट वेगळी. त्यांनी भक्तीच्या जोरावर साल ठोकून दिलं, म्हणजे उलटतपासणी आलीच, आणि तिथं भावना दुखावल्याची सबब चालायची नाही. तेव्हा काका, बखर जरूर वाचा, पण ते पत्रही एकदा वाचाच.