काढ्याची बाटली टेबलावर येऊ द्या

प्रति,
एमिरेट्स ड्रग एस्टॅब्लिशमेंट,
संयुक्त अरब अमिराती



देशातली औषधे आणि पूरक उत्पादने यांच्यावर देखरेख ठेवण्यासाठी २०२३च्या कायद्याने तुमची संस्था उभी राहिली, म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहिते आहे. इथल्या मराठी घरात कुणाला कर्करोग झाला की बहुतेक वेळा दोन उपचार एकदम सुरू होतात. एक रुग्णालयात, फायलीत नोंदलेला. दुसरा सुट्टीहून परतणाऱ्याच्या बॅगेतून आलेला. त्यात गुळवेलीचा काढा असतो, अश्वगंधेचे चूर्ण असते, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल असतात, कधी नावगाव नसलेल्या पुड्या. या दुसऱ्या उपचाराबद्दल डॉक्टरांना कुणी सांगत नाही. ते रागावतील ही भीती असते, आणि ही वस्तू इथल्या नियमात बसते का ही त्याहून मोठी भीती. मला काळजी आहे ती या लपवण्याची.

वनस्पतींत ताकद असते, हे मला कुणी पटवून द्यायला नको. दुबई-शारजाच्या चौकांत भर उन्हाळ्यातही फुलणारी सदाफुली पाहा. तिच्यातूनच व्हिन्क्रिस्टीन मिळाले, जे आज मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर दिले जाते. पण शेकडो किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर औषध निघते, आणि तेही थेट शिरेतून, मोजून, रक्ताच्या तपासण्या करत द्यावे लागते. सदाफुलीची पाने चावून खाणाऱ्याला यातले काहीच मिळत नाही. मिळालेच तर विष मिळते.

आमच्या सह्याद्रीतल्या नरक्याची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. या झाडात कॅम्प्टोथेसिन असते. हे द्रव्य १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळे केले. पुढे ते नरक्यातही सापडले आणि त्यासाठी कोकण-कोल्हापूरच्या जंगलांत चोरून तोड झाली. माणसांवर पहिल्या चाचण्या झाल्या तेव्हा रुग्णांच्या लघवीतून रक्त जाऊ लागले, रक्तपेशी घटल्या, आणि १९७०च्या दशकात त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. रेणूत बदल करून इरिनोटेकान आणि टोपोटेकान तयार झाली आणि १९९६ साली अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली. म्हणजे झाडातला गुण ओळखल्यापासून तो रुग्णाला सोसेल अशा रूपात येईपर्यंत तीस वर्षे गेली.

याच इरिनोटेकानबद्दल २००२ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. मोजकेच रुग्ण होते. औषधासोबत त्यांना सेंट जॉन्स वर्ट ही उदासीनतेवर घेतली जाणारी वनस्पती दिली, तेव्हा शरीरातल्या प्रभावी द्रव्याचे प्रमाण ४२ टक्क्यांनी घसरले. रक्तपेशीही कमी घटल्या. घरी काय वाटेल? काढा मानवला, केमोचा त्रास कमी झाला! प्रत्यक्षात औषधच कमी पडलेले असेल, आणि डॉक्टरांना वनस्पतीचे नावच माहीत नसेल तर ते कारण तरी कुठे शोधणार?

तुमच्या देशातही या विषयावर मोलाचे काम झाले आहे. अल ऐनच्या युएई विद्यापीठात अम्र अमीन आणि सहकाऱ्यांनी केशरावर केलेला अभ्यास २०११ साली ‘हेपॅटॉलॉजी’त छापून आला, केशर दिलेल्या उंदरांच्या यकृतात गाठी कमी झाल्या. मात्र त्यांना कर्करोग घडवणारे रसायन टोचण्याआधीपासूनच केशर सुरू केले होते. झालेला रोग बरा करण्याचा प्रश्न तिथे नव्हताच. असे संशोधन व्हॉट्सॲपवर पोचते तेव्हा उंदीर गळून जातात आणि ‘केशराने कर्करोग बरा होतो’ एवढेच उरते. शास्त्रज्ञांचा यात दोष नाही.

बाटलीत नेमके काय आहे, हा प्रश्न तर वेगळाच. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक उत्पादने तपासली गेली. त्यांतल्या १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी कोविडकाळात गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली, आणि गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीची शंकाही पुढे आली. हा वाद मला सोडवता येणार नाही. पण केमोने आधीच शिणलेल्या यकृताच्या माणसाने तो स्वतःच्या अंगावर का सोडवावा?

मी बंदी मागत नाही. बंदीने बाटली बॅगेत आणखी खोल जाईल. मागणे एवढेच की कर्करोगाचे उपचार होतात तिथे एक टेबल ठेवा. रुग्णाने किंवा नातेवाइकाने आपली बाटली, पुडी तिथे आणून दाखवावी. दंड नाही, जप्ती नाही, प्रश्नांची सरबत्ती नाही. फार्मसिस्टने ती सुरू असलेल्या औषधांशी ताडून पाहावी, संशय आल्यास नमुना तुमच्या प्रयोगशाळेत पाठवावा आणि फायलीत नोंद करावी. मराठी, हिंदी, मल्याळम बोलणारे फार्मसिस्ट या देशात आहेतच. सहा महिन्यांनी त्या नोंदी, नावे वगळून, प्रसिद्ध करा, म्हणजे इथले लोक खरोखर काय घेतात ते तुम्हालाही कळेल.

पहिले टेबल अल ऐनच्या तवाम रुग्णालयात मांडता येईल. कर्करोगाचे रुग्ण तिथे येतात, आणि केशरावर काम करणारे विद्यापीठही त्याच शहरात आहे.

आपली नम्र,
शारजातील एक मराठी रहिवासी