गाळा विकून मुलांकडे जायचंय? आधी व्हिसाचं गणित बघा



आपल्या बोईसरच्या बॅचमध्ये हल्ली एक प्रश्न मार्केटिंग आणि जीएसटीपेक्षाही जास्त येतो. "सर, गाळा विकून टाकू का? मुलं तिकडे बोलावतायत." विचारणारे साधारण पंचावन्न ते पासष्ट वयाचे. कुणाचं तारापूर एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं जॉबवर्क आहे, कुणाचं चित्रालयच्या बाजूला हार्डवेअरचं दुकान. कुणी अणुशक्ती केंद्रातून निवृत्त होऊन दोन टेम्पो टाकलेत. मुलगी टोरंटोला, मुलगा मेलबर्नला, नाहीतर भाचा दुबईला. आणि आता एक नवीन प्रकारही निघालाय. मुलं इथेच आहेत, पण यूट्यूबवर कुणीतरी सांगितलंय की थायलंडमध्ये पन्नाशीनंतर निवृत्तीचा व्हिसा मिळतो आणि खर्च आपल्यापेक्षा कमी येतो.

व्हिडिओत दहा मिनिटांत जेवढं बसलं तेवढं बोललो. इथे जरा सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पटत नसेल तर भांडत भांडत वाचा: व्हिसाच्या भरवशावर चालता धंदा विकू नका. मुलांकडे जरूर जा, सहा-सहा महिने राहा, नातवंडं सांभाळा. पण इथलं उत्पन्न बंद करून जाऊ नका.

का म्हणतो, ते सांगायला आधी उलट्या बाजूने सुरुवात करतो. आपल्याकडे येऊन राहणाऱ्या परदेशी म्हाताऱ्यांचं काय झालं ते बघा.

गोव्यात कांदोळी, कळंगुट भागात बरीच वर्षं ब्रिटिश आणि इतर युरोपीय निवृत्त मंडळी राहत होती. तिकडच्या पेन्शनमध्ये इथे आरामात भागायचं. आता गंमत अशी की भारताकडे निवृत्तांसाठी वेगळा व्हिसाच नाही. मग ही मंडळी टुरिस्ट व्हिसावर राहायची. मुदत भरत आली की नेपाळ किंवा श्रीलंकेला जायचं आणि परत यायचं. सगळे असंच करायचे, कुणी अडवत नव्हतं, म्हणून त्यांना वाटायला लागलं की हा आपला हक्कच आहे. भाड्याने घरं घेतली, फर्निचर केलं, कुत्री पाळली. २००९ मध्ये डेव्हिड हेडलीचं प्रकरण उघड झालं. तो भारतात वारंवार ये-जा करून गेला होता. लगेच केंद्र सरकारने टुरिस्ट व्हिसावाल्यांसाठी नियम काढला, की एकदा देश सोडला की दोन महिने परत यायचं नाही. हेडलीशी काडीचा संबंध नसलेले सत्तरीतले आजी-आजोबा अडकले. घर इथे, औषधं इथे, आणि स्वतः बाहेर. २०१२ च्या शेवटी बहुतेक देशांसाठी ती अट काढली, पण मधली तीन वर्षं काय करायचं? काहींनी तिथे घरं घेतली होती, त्यांच्यामागे फेमाच्या चौकशीचं वेगळंच लचांड लागलं.

आता त्या आजोबांच्या जागी स्वतःला ठेवा. तुम्ही तिकडे जाता तेव्हा तुम्ही 'परदेशी' असता. तिथल्या सरकारला तुमचं मत नको, कारण तुम्हाला मतदानच नाही. नियम बदलायचा असेल तर सगळ्यात आधी आणि सगळ्यात सोपा बदल कुणावर होतो? ज्याच्याकडून आरडाओरडा होणार नाही त्याच्यावर.

हे प्रत्येक देशाने कधी ना कधी केलंय. मलेशियाचं 'माय सेकंड होम' घ्या. २००२ पासून चालू असलेली आणि जगभर नावाजलेली योजना. परदेशातून महिन्याला १० हजार रिंगिट उत्पन्न दाखवा, बँकेत ठेव ठेवा, दहा वर्षं राहा. २०२० मध्ये योजना थांबवली आणि २०२१ मध्ये परत उघडली तेव्हा उत्पन्नाची अट थेट ४० हजार रिंगिट! म्हणजे पावणेदोन लाख रुपयांवरून सात लाख रुपये महिना. ठेव १० लाख रिंगिट. ओरड झाली, अर्ज आटले, मग पुन्हा बदल. २०२४ पासून सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असे टप्पे. सगळ्यात खालच्या सिल्व्हरला दीड लाख अमेरिकन डॉलरची ठेव, आणि वर घर विकत घेणं सक्तीचं. चार वर्षांत एकाच योजनेचे तीन अवतार. आपण एखाद्या पार्टीला चार वर्षांत तीनदा रेट आणि पेमेंट टर्म्स बदलून दिल्या तर ती परत ऑर्डर देईल का?

थायलंड त्यातल्या त्यात स्थिर. पन्नाशीच्या पुढे, तिथल्या बँकेत ८ लाख बाट, म्हणजे वीस लाख रुपयांच्या वर, नाहीतर महिन्याला ६५ हजार बाट उत्पन्न. पण २०१९ मध्ये नियम आला की ते पैसे नुसते दाखवून काढायचे नाहीत, व्हिसा मिळाल्यावरही तीन महिने तसेच ठेवायचे आणि नंतरही ४ लाखांच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत. त्याच वर्षी तिथल्या एका निवृत्ती व्हिसाला आरोग्य विमा सक्तीचा झाला. साठीनंतर, डायबेटिस आणि बीपी घेऊन, परदेशातला विमा किती रुपयांना पडतो ते एकदा कोटेशन काढून बघा. व्हिडिओत स्वस्त नारळपाणी दाखवतात, हे कोटेशन दाखवत नाहीत.

दुबईने २०२० मध्ये पंचावन्नच्या पुढच्यांसाठी पाच वर्षांचा व्हिसा आणला. तेव्हाची अट महिना २० हजार दिरहम उत्पन्न किंवा १० लाख दिरहम बचत, नाहीतर तिथे घर अशी होती. महिना साडेचार लाखांच्या आसपास झाले हे. ज्याच्याकडे आहेत त्याने हा लेख वाचायची गरज नाही.

बरं, मुलांकडे जायचं म्हटलं तर?

इंग्लंडने श्रीमंत निवृत्तांचा व्हिसा २००८ मध्येच बंद केला. आईवडिलांना बोलावण्याचा नियम जुलै २०१२ मध्ये असा आवळला की रोजच्या आंघोळ-जेवणालाही दुसऱ्याची मदत लागते, आणि मुलाने पैसे पाठवूनही ती मदत भारतात मिळत नाही, हे सिद्ध करायचं. बोईसरमध्ये बाई ठेवता येते, मग अर्ज कसा पास होणार?

कॅनडाचा सुपर व्हिसा मात्र खरंच चांगला आहे, त्याला नावं ठेवणार नाही. २०२२ पासून एका वेळी पाच वर्षं राहता येतं. मुलाचं उत्पन्न ठरलेल्या आकड्याच्या वर हवं आणि तुमचा किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा मेडिकल विमा हवा. पण लक्षात घ्या, तो पाहुण्याचाच व्हिसा आहे. तिथे कामधंदा करता येत नाही, सरकारी दवाखान्याची सोय नाही. कायमचं व्हायचं तर लॉटरी. तिची नवी नावं घेणं २०२० मध्ये झालं, त्यानंतर २०२५ पर्यंत त्याच जुन्या यादीतून चिठ्ठ्या निघत राहिल्या. म्हणजे तुमची मुलगी २०२१ नंतर पात्र झाली असेल तर तिला या सगळ्या वर्षांत नाव घालायलाच मिळालं नाही.

ऑस्ट्रेलियात पैसे भरून लवकर मिळणारा पालकांचा व्हिसा आहे म्हणतात. एका माणसाची फी ४५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर, आणि 'लवकर' म्हणजे दहा वर्षांच्या पुढची रांग. शिवाय निम्मी तरी मुलं तिकडे स्थायिक हवीत. कोविडमध्ये त्यांनी सीमा बंद केली तेव्हा तिथे नागरिक झालेल्या मुलांच्या आईवडिलांना 'जवळचं कुटुंब' धरलंच नव्हतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये धरलं. दीड वर्ष कागदावर आई ही लांबची नातेवाईक होती!

अमेरिकेत मुलगा नागरिक झाला असेल तर तो तुम्हाला बोलावू शकतो. ग्रीन कार्डच्या रांगेत एच-वन-बी वर असेल, आणि आपली बहुतेक मुलं तिथेच आहेत, तर सहा महिन्यांचा टुरिस्ट व्हिसा, बास.

आता आपल्या धंदेवाल्यांचा खास प्रॉब्लेम, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. निवृत्तीचे हे सगळे व्हिसा पेन्शनवाल्यासाठी बनवलेले आहेत. महिन्याच्या महिन्याला खात्यात येणारी ठरलेली रक्कम, तीही कागदावर. आपल्याकडे काय असतं? मालमत्ता असते, उत्पन्न दिसत नाही. पैसा गाळ्यात, लेथमध्ये, स्टॉकमध्ये आणि उधारीत. आयटीआर चार-साडेचार लाखांचा, कारण आयुष्यभर सीएला एकच सांगितलं, "साहेब, टॅक्स कमी बसेल असं बघा." दोन कोटींचा माणूस कागदावर क्लार्कपेक्षा गरीब. मग व्हिसासाठी दाखवायला काय करायचं तर गाळा विकायचा आणि एफडी करायची. म्हणजे दर महिन्याला कमावून देणारी वस्तू मोडून पडून राहणारी रक्कम तयार करायची, तीही दुसऱ्या देशाच्या नियमासाठी, जो तो देश पुढच्या वर्षी बदलू शकतो. आणि बदलला तर? एमआयडीसीचा प्लॉट ९५ वर्षांच्या लीजवरचा असतो, हस्तांतरणाला परवानगी आणि फी लागते. विकलेला प्लॉट त्याच भावात परत मिळालेला मी तरी कुणाचा पाहिला नाही.

नियम फक्त तेच बदलतात असंही नाही. पैसे बाहेर पाठवायची आपल्या रिझर्व्ह बँकेची मर्यादा ऑगस्ट २०१३ मध्ये एका फटक्यात वर्षाला २ लाख डॉलरवरून ७५ हजारांवर आली होती. २०१५ पासून अडीच लाख आहे. पाठवताना कापला जाणारा टीसीएस २०२० मध्ये ७ लाखांच्या वर ५ टक्के होता, ऑक्टोबर २०२३ पासून असल्या बहुतेक कारणांसाठी २० टक्के झाला, एप्रिल २०२५ पासून ही सूट १० लाखांपर्यंत गेली. तो रिटर्नमध्ये परत मिळतो, पण तोवर भांडवल अडकतं. आणि तुम्ही एनआरआय झालात की इथल्या गाळ्याचं भाडं देताना भाडेकरूने ३० टक्के आणि वर सेस टीडीएस कापायचा असतो. डहाणू-घोलवडला चिकूची वाडी असेल तर आधीची ठेवता येते, नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. हे किती जणांनी जाण्याआधी विचारलं होतं?

मला माहितीये, काही जण म्हणतील, "सर, पैशाचं जाऊ द्या, म्हातारपणी जवळ कोण?" हा प्रश्न खरा आहे आणि त्याला माझ्याकडे एक्सेल शीट नाही. बायको गेल्यावर तीन बीएचकेत एकटा राहणारा माणूस मला ठाऊक आहे. त्याला 'धंदा सांभाळा' सांगणं क्रूरपणाच आहे. पण तुम्हीच सांगा, तिथे सुनेच्या घरात महिन्याला स्वतःचे पन्नास हजार येणारा सासरा आणि गाळा विकून आलेला, मुलाकडे दाढीचं सामान मागणारा सासरा, यांच्या सकाळच्या चहात फरक असतो की नाही? आणि नियम बदलून परत यावं लागलं तर पहिल्याला यायला जागा असते.

मग करायचं काय? जायच्या तीन वर्षं आधी सुरुवात करा. आयटीआर खऱ्या आकड्याला आणा. टॅक्स जास्त जाईल, जाऊ दे, तो तुमच्या व्हिसाचा खर्च समजा. गाळा स्वतःच्या नावावर आणि धंदा फर्मच्या नावावर असेल तर फर्मकडून रीतसर करार करून भाडं घ्या, चेकने, दर महिन्याला. हेच तुमचं पेन्शन. एमआयडीसीचा प्लॉट असेल तर सबलेटचे नियम आधी विचारून घ्या. दहा वर्षं जुना सुपरवायझर असेल तर त्याला पगाराबरोबर नफ्यात हिस्सा द्या, पार्टनरशिप डीड करून. (नाही, तो पळून जाणार नाही. तुम्ही काहीच दिलं नाहीत तर मात्र समोरच गाळा घेऊन उभा राहील.)

आणि पहिली खेप टुरिस्ट व्हिसावरच करा. सहा महिने जा आणि इथे काय काय अडतंय ते लिहून ठेवा: चेकवर सही कोणाची, जीएसटीचा ओटीपी कोणाच्या मोबाईलवर, वीजबिल कोण भरतं, उधारीचा फोन कोण करतं. व्हॉट्सॲपवर दिवसातून वीस फोन आले तर धंदा अजून तुमच्यावरच चाललाय, तो कुणी चांगल्या भावात विकतही घेणार नाही. दोन-तीनच आले तर तुम्ही जायला मोकळे, कुठल्याही व्हिसावर. फी आणि अटी त्या त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवर जायच्या महिन्यात पुन्हा तपासा. इथे लिहिलेल्यासुद्धा.

पुढच्या रविवारी बोईसरच्या बॅचमध्ये भाडेकरार आणि पार्टनरशिप डीड हाच विषय घेतोय. येताना मागच्या तीन वर्षांचे आयटीआर आणि गाळ्याची कागदपत्रं घेऊन या. जमलं तर वहिनींनाही आणा, कारण कुठे राहायचं हे शेवटी त्याच ठरवणार आहेत.