खुर्ची आपली, किल्ली त्यांची



आपल्यात सध्या दोन तोंडं झालीत. एक तोंड म्हणतं, सरकारी अनुदानावर थुंका. पुरस्कार म्हणजे लाच, मंडळ म्हणजे मठ, तिथं पाय ठेवला तो बाटला. दुसरं तोंड देवगिरी एक्स्प्रेसच्या खिडकीत बसून मुंबईची वाट बघतंय. ते म्हणतं, आपला एक माणूस तिथं अध्यक्ष होऊ द्या, अध्यक्ष नाही तर सदस्य होऊ द्या, मग बघा. दोघंही मोर्चात माझ्या खांद्याला खांदा लावून घोषणा देणारे. दोघांशीही मला भांडायचंय, आन ते इथं, या पानावर भांडायचंय. टपरीवर भांडलं की चहासोबत सगळं पोटात जातं.

पहिल्या दोस्ता, तुला आधी. मी जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलवर आहे. भट्टीतून लाल सळई निघते, तिच्यापुढं उभं राहून पाळी काढतो. त्या पगारातून साबण घेतो, चपला घेतो, मोबाईलचं रिचार्ज मारतो. प्रत्येकावर कर कापला जातो. सरकारची तिजोरी म्हणजे काय कुणाच्या आज्याच्या वतनाची पेटी नाही. त्याच तिजोरीतून १९६० पासून महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ चालतं, विश्वकोश निघतो, पुरस्कार वाटले जातात. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं ५० लाखांचं अनुदान २ कोटींवर गेलं तेही त्यातूनच. त्या मांडवात मी गेलोच तर खुर्च्या लावायला जाईन, पण मांडवाच्या भाड्यात माझी चव्वल आहे. आपल्याच पैशावर थुंकणं हा कुठला विद्रोह? आपण सोडलेला पैसा क्रांतीच्या खात्यात जमा होत नाही. तो शेजारच्या पंगतीत वाढला जातो.

आन ही पंगत आजची नाही. पेशवाईत पर्वतीजवळच्या रमण्यात श्रावणात दक्षिणा वाटली जायची. विद्येला राजाश्रय असं तिचं गोंडस नाव. विद्या म्हणजे वेदशास्त्र, विद्वान म्हणजे एकाच जातीचा. इंग्रज आले, त्यांनीही ती वाटणी लगेच बंद केली नाही. मग १८४९ मध्ये पुण्यातल्या काही सुधारकांनी, त्यात लोकहितवादी होते, अर्ज केला की या दक्षिणेतला काही पैसा मराठीत चांगली पुस्तकं लिहिणाऱ्याला द्या, तो कुठल्याही जातीचा असो. सनातनी खवळले. अर्जदारांच्या अंगावर जायची भाषा झाली. तेव्हा त्यांच्या संरक्षणाला शे-दोनशे कष्टकरी माणसं घेऊन कोण गेलं? जोतीराव फुले. वय बावीस. आपल्यातल्या अर्ध्या पोरांपेक्षा लहान.

पुढं दक्षिणा प्राइझ कमिटी झाली. १८५५ मध्ये जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून त्याच कमिटीकडं पाठवलं. भट-जोशी अडाणी शेतकऱ्याला कसा नाडतो, असं ते नाटक. कमिटीतल्या ब्राह्मण सदस्यांच्या आग्रहापुढं ते नाकारलं गेलं. हे जोतीरावांनी स्वतः ‘गुलामगिरी’त लिहून ठेवलंय. ते नाटक छापून लोकांपुढं यायला १९७९ साल उजाडावं लागलं. ज्या माणसानं अंगावर मार घ्यायची तयारी ठेवून तो पैसा सगळ्यांसाठी मोकळा करायला बळ दिलं, त्याच माणसाचं पुस्तक त्या पैशाच्या दारातून परत आलं. पैसा मोकळा झाला, दार नाही झालं.

पण थांब, दुसरी बाजूही सांगतो, म्हणजे थुंकणाऱ्याचं तोंड कोरडं पडेल. १९६९ मध्ये ‘महात्मा फुले समग्र वाङ्‌मय’ कुणी छापलं? याच साहित्य संस्कृती मंडळानं. अध्यक्ष कोण होते? तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, वाईचे. १९६० पासून वीस वर्षं तेच अध्यक्ष. आज माझ्या खोलीत फळीवर जोतीराव आहेत ते सरकारी कागदावर, सरकारी किमतीत. कुठल्याही बड्या प्रकाशकाच्या किमतीत मला ते परवडले नसते. म्हणून म्हणतो, त्या दाराकडं पाठ फिरवायची नाही.

आता दुसऱ्या दोस्ता, तू खिडकीतून आत ये.

६ डिसेंबर २०२२. आपण सगळे चैत्यभूमीच्या रांगेत, नाहीतर गावच्या विहारात. त्याच दिवशी राज्य शासनाचे वाङ्‌मय पुरस्कार जाहीर झाले. कोबाड गांधींच्या तुरुंगातल्या आठवणींचं पुस्तक अनघा लेले यांनी मराठीत आणलं, ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’. त्याला अनुवादाचा १ लाखाचा पुरस्कार. पुरस्काराला नाव तर्कतीर्थांचंच. सहा दिवस गेले. १२ डिसेंबरला शासन निर्णय निघाला, पुरस्कार रद्द आन निवडणारी समितीच बरखास्त. कारण काय? प्रशासकीय. या एका शब्दात किती मेलेली माणसं पुरता येतात बघ.

त्या वेळी मंडळावर आपली माणसं नव्हती असं नाही. कवयित्री प्रज्ञा दया पवार होत्या. ‘बलुतं’वाल्या दया पवारांची लेक. त्यांनी राजीनामा दिला. नीरजा यांनी दिला. भाषा सल्लागार समितीचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनी दिला. शरद बाविस्कर आन आनंद करंदीकर यांनी आपापले पुरस्कार नाकारले. या सगळ्यांना माझा सलाम, कारण खुर्ची सोडायला हिंमत लागते आन आपल्याकडं तिची टंचाई आहे. पण तू एवढं सांग, त्यांच्याकडं सोडायला राजीनाम्याखेरीज दुसरं काय होतं? निर्णय फिरवायचा अधिकार होता का? शासनाला ‘कारण लेखी द्या’ म्हणायचा अधिकार होता का? मंडळावर सरकार नेमतं, सरकार काढतं. मुंबईत सरकार बदललं की मंडळं बदलतात, भाडेकरूसारखी. ज्याला घराची किल्ली कधी दिलीच नाही, त्यानं घर सोडलं तर घरमालकाचं काय जातं?

बाबासाहेबांचंच घे. बाबासाहेबांचं लेखन छापायला सरकारनं १९७६ मध्ये समिती केली. अध्यक्षपद शिक्षण खात्याच्या मंत्र्याकडं. काम कुणी केलं? वसंत मून यांनी. एक सरकारी अधिकारी, आपल्यातला माणूस, जुन्या ट्रंकांतले कागद जुळवत बसला आन १९७९ ला पहिला खंड बाहेर आला. १९८७ मध्ये चौथा खंड निघाला, ‘रिडल्स इन हिंदुइझम’. राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून ओरड झाली, प्रती जाळल्या गेल्या, आन सरकार ते परिशिष्ट काढायला निघालं. मून काढत नव्हते, मंत्रालय काढत होतं. ते वाचलं कशानं? ५ फेब्रुवारी १९८८ ला मुंबईत लाखोंचा निळा मोर्चा निघाला म्हणून. शेवटी परिशिष्ट राहिलं, खाली टीप आली की सरकार या मतांशी सहमत नाही. माझ्या मते ती टीप छान आहे. सरकारनं असंच असावं, असहमत असावं आन छापावं.

पण मोर्चा दर वर्षी निघत नाही, आन कपाटाला कुलूप रोज लागतं. २०२१ मध्ये ‘लोकसत्ता’त बातमी आली आन मुंबई उच्च न्यायालयानं, न्या. प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठानं, आपण होऊन दखल घेतली. बाबासाहेबांच्या खंडांच्या ९ लाख प्रती छापायच्या ठरल्या होत्या. ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेतला होता. चार वर्षांत छापल्या ३३ हजार. लोकांपर्यंत द्यायला काढल्या ३,६७५. बाकी कागद गोदामात. इथं ना कुणी प्रत जाळली, ना कुणी बंदी घातली. कुणी ‘जय भीम’ला विरोधही केला नाही. नुसता कागद पडून राहिला. मी मिलवाला आहे, मला माल पडून राहणं म्हणजे काय ते कळतं. आमच्याकडं ऑर्डरचा माल असा पडला तर शिफ्टच्या सुपरवायझरला दुपारच्या आत बोलावणं येतं.

जगात काय वेगळं आहे? ब्रिटनमध्ये १९४६ ला आर्ट्स कौन्सिल झाली. तिचा पाया घातला केन्सनं, तो मोठा अर्थशास्त्री. त्यांचं तत्त्व असं, सरकारनं पैसा द्यावा आन हातभर लांब उभं राहावं. मंत्र्यानं नाटककाराच्या वहीत नाक घालू नये. तत्त्व एक नंबर. पण तोच केन्स लंडनच्या शाही ऑपेराच्या विश्वस्तांचाही अध्यक्ष, आन पुढं कित्येक वर्षं त्या कौन्सिलच्या ताटातला मोठा घास ऑपेरालाच गेला. सरकार हातभर लांब होतं, कोळसा खाणीतला मजूर कोसभर लांब.

उलटं उदाहरण ब्राझीलचं. गिल्बर्तो जील, काळा गायक. लष्करी राजवटीनं त्याला तुरुंगात टाकलं, देशाबाहेर घालवलं. २००३ मध्ये लुलाच्या सरकारात तोच संस्कृतिमंत्री झाला. त्यानं राजधानीत नवा महाल बांधला नाही. वस्त्यांत, आदिवासी पाड्यांत, झोपडपट्ट्यांत जे गट आधीच गात-नाचत होते त्यांनाच ‘संस्कृतीची केंद्रं’ मानून २००४ पासून थेट पैसा दिला. वाचून माझ्या अंगावर काटा आला, खोटं कामून बोलू. पण २०१९ ला बोल्सोनारो आला आन त्यानं संस्कृतीचं मंत्रालयच पुसून टाकलं. २०२३ ला लुला परत आला तेव्हा ते परत उभं राहिलं, आता तिथं मार्गारेथ मेनेझिस ही काळी गायिका मंत्री झाली. म्हणजे बघा. ब्रिटनकडं नियम होता, आपली माणसं नव्हती. ब्राझीलकडं आपला माणूस होता, नियम नव्हता. आपल्याकडं दोन्हींचा दुष्काळ, आन आपण भांडतोय खुर्चीला गादी कुठल्या रंगाची त्यावर.

मुंबई लांब वाटत असेल तर जिल्ह्यात या. वृद्ध साहित्यिक-कलावंतांना मानधन द्यायची योजना १९५४-५५ पासून आहे. आमच्या वस्तीतला एक म्हातारा जलसाकार, जन्मभर एकतारीवर बाबासाहेब गाणारा, त्याला घेऊन मी एका कचेरीत गेलो. टेबलामागच्या माणसानं विचारलं, ‘‘बाबा, तुम्ही राष्ट्रीय का राज्य का स्थानिक?’’ तेव्हा तीन वर्ग होते. राष्ट्रीयला ३,१५०, राज्याला २,७००, स्थानिकला २,२५० रुपये. चार नाही, तीनच वर्ण, तेवढी प्रगती. म्हातारा म्हणाला, ‘‘साहेब, मी चौंढी-बिंढी कुठं गेलो न्हाई, मंठ्यापासून भोकरदनपर्यंत गायलो.’’ मग पुरावा मागितला. वर्तमानपत्रातली कात्रणं, प्रमाणपत्रं. ज्याच्या गाण्याची बातमी कुणी छापलीच नाही त्यानं कात्रण कुठून आणायचं? फाईल तिथंच राहिली. २०२४ पासून वर्ग मोडले आन सरसकट ५,००० झाले, हे बरं झालं. म्हातारा ते बघायला नव्हता. अण्णा भाऊ साठे १९६९ ला हलाखीत गेले आन २००२ ला त्यांचं टपाल तिकीट निघालं, तसंच. जिभेवर थुंकी लावून चिकटवायला आपला शाहीर लागतो त्यांना.

तर मागायचं काय? ‘आपला एक सदस्य घ्या’ एवढंच मागू नका. निवड समितीनं दिलेला निर्णय शासन निर्णयानं फिरवता येणार नाही, हे कायद्यात लिहून मागा. सदस्याची मुदत ठरलेली हवी, सरकार पडो की उभं राहो. निम्मे सदस्य कलावंतांनीच निवडलेले हवेत, आन कलावंत म्हणजे नुसते प्राध्यापक नाहीत. जलसावाले, वाघ्या-मुरळी, तमाशातल्या बाया, पोतराज, हलगीवाला. पुरावा म्हणून गावच्या पाच म्हाताऱ्यांची साक्ष चालली पाहिजे. हे मिळेपर्यंत ज्याला बोलावणं येईल त्यानं खुशाल जावं, पण जाताना आपल्याला सांगून जावं आन दर बैठकीला काय ठरलं ते इथं छापायला द्यावं. ही पानं शाईनं हात काळे करून निघतात, त्यांना कुणाच्या शासन निर्णयानं बरखास्त करता येत नाही.

सुरुवात कागदापासून. माहितीच्या अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर. प्रश्न तीनच ठेवा. मानधन निवड समितीवर गेल्या पाच वर्षांत कोण कोण होतं आन त्यांना कुणी नेमलं. किती अर्ज आले, किती मंजूर झाले, नामंजुरीची कारणं काय. बैठका किती झाल्या, त्यांची इतिवृत्तं द्या. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, प्रत्येक तालुक्यातून एकेक दोस्त हवा. जालन्याचा अर्ज मी टाकतोय, रविवारी सुट्टी असते तेव्हा लिहून ठेवीन. आलेली उत्तरं जशीच्या तशी पुढच्या अंकात, नावांसकट.